पुठ्ठ्यावर चढणारं कापड

खणाच्या कापडात बांधलेल्या वह्या आणि रोजनिश्या हल्ली कोणत्याही हस्तकला प्रदर्शनात मिळतात. हिरवा, अंजिरी, चिंतामणी असे रंग, त्यावर बारीक बुट्टी आणि कडेला काठाची पट्टी. नवी वही फारच देखणी दिसते. तीच वही वर्षभर वापरून झाल्यावर पाहावी. कोपऱ्यांवर धागे सुटलेले असतात. कण्याशेजारच्या खाचेत कापड पुठ्ठ्यापासून सुटून फुगलेलं असतं. उजेडात तिरकी धरली तर मधूनमधून चकचकीत, कडक झालेले डाग दिसतात. ते डाग म्हणजे कापडातून वर झिरपलेला गोंद. बुट्ट्यांच्या ओळीसुद्धा वहीच्या कडेला समांतर राहिलेल्या नसतात. वरच्या कोपऱ्यातून निघालेली ओळ खाली पोचेपर्यंत बोटभर सरकलेली असते.

यात खणाचा काही दोष नाही. चोळीचं कापड म्हणून तो पिढ्यानपिढ्या चोख काम करत आला आहे. दोष आहे तो अंगावरचं कापड जसंच्या तसं पुठ्ठ्यावर चढवण्याचा. बांधणीत कापडाकडून जे काम हवं असतं, ते कपड्यातल्या कामाच्या जवळजवळ उलट आहे. अंगावरच्या कापडातून हवा आणि घाम आरपार जायला हवा. पुठ्ठ्यावरच्या कापडातून काहीही आरपार जाता कामा नये. अंगावरचं कापड अंगाबरोबर ताणलं जायला हवं. पुठ्ठ्यावरचं ताणलं की नक्षी बिघडली. अंगावरचं शेकडो वेळा धुतलं जातं, पुस्तकाचं एकदाही नाही. म्हणून हाताने रंगवलेलं, छापलेलं किंवा भरतकाम केलेलं कापड पुस्तकाला घालायचं असेल, तर नक्षीचा विचार दुसरा. पहिला विचार खळीचा.

विणलेल्या कापडात उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या मध्ये असंख्य छिद्रं असतात. मैद्याची खळ, सरस किंवा बाजारातला पांढरा गोंद, यांपैकी काहीही पुठ्ठ्याला लावून वर कापड दाबलं की तो ओला थर त्या छिद्रांतून पृष्ठभागावर येतो. त्याच वेळी सुती धागा पाणी पिऊन फुगतो, वीण सैल होते आणि हाताचा जोर ज्या दिशेला पडेल तिकडे नक्षी सरकते. वाळताना पुन्हा उलटा प्रकार. धागा आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे सपाट पुठ्ठ्याला बाहेरच्या बाजूने बाक येतो. आतल्या बाजूला चिकटवलेला अस्तराचा कागद तेवढ्याच ताकदीने उलटं ओढणारा हवा, नाहीतर पुस्तक टेबलावर ठेवलं की कव्हर जांभई दिल्यासारखं उघडं राहतं.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांना ही अडचण कधी आलीच नाही, कारण तिथे कापड चिकटवलं जातच नव्हतं. सुटी पानं, वरखाली दोन फळ्या आणि भोवती गुंडाळलेला कापडाचा चौकोन. कापड मळलं तर धुवावं, फाटलं तर बदलावं. ते साधं मांजरपाट असो की जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा, पोथीला फरक पडत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद आजही रुमालांत मोजतात. तो रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधून ठेवायचं कापडच. वाण्याच्या चोपड्यांवर लाल कापड आलं, पण तेही जाड, एकरंगी आणि गोण्या उचलणाऱ्या हातांना पुरून उरणारं. छापील पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी रुळली तेव्हा कापड आणि खळ यांची खरी गाठ पडली. ती गाठ सोडवण्याचं काम मात्र आपल्या देशाबाहेर आधीच होऊन गेलं होतं.

त्याची जागा लंडन आणि काळ १८२०चं दशक. तोपर्यंत तिथल्या प्रकाशकाकडून पुस्तक यायचं ते साध्या कागदी पुठ्ठ्यात, कण्यावर कागदी चिठ्ठी लावून. ज्याला परवडेल त्याने ते आपल्या बाइंडरकडून चामड्यात बांधून घ्यावं, अशी रीत होती. विल्यम पिकरिंग या प्रकाशकाने रंगीत सुती कापडात बांधलेली पुस्तकं बाजारात आणायला सुरुवात केली आणि आर्चिबाल्ड लेटन या बाइंडरने त्यासाठी लागणारं कापड तयार करण्याची युक्ती बसवली. युक्ती अगदी घरगुती होती: कापडाला आधीच भरपूर खळ पाजायची. रंगवलेल्या कापडाच्या छिद्रांत स्टार्च ठासून भरायचा, वाळवायचा आणि ते कापड रुळांतून दाबून गुळगुळीत करायचं. छिद्रं आधीच बुजलेली असल्यामुळे बांधताना लावलेली खळ वर येत नाही आणि कापड कागदासारखं कडक, सरळ कापता येईल असं होतं. पुढे कोरीव रुळांतून दाबून या कापडावर चामड्यासारखा दाणा उठवू लागले आणि १८३२च्या सुमाराला त्यावर सोनेरी ठसेही उमटू लागले. १८९१मध्ये असं कापड करणारे अनेक कारखाने एकत्र येऊन मँचेस्टरला ‘विंटरबॉटम बुक क्लॉथ कंपनी’ उभी राहिली, इतका हा धंदा फोफावला.

स्टार्च हे शेवटी अन्नच. उष्ण, दमट हवेत असं कापड आलं की झुरळं त्याच्यावर तुटून पडतात. जुन्या ग्रंथालयातल्या कापडी पुस्तकांवर नकाशासारखे फिकट चट्टे दिसतात, ते बहुतेक वेळा झुरळांनी खळ चाटून खाल्ल्याचे. उरलेलं काम कसर करते. म्हणून आपल्याकडचे बाइंडर खळीत मोरचूद घालत आले. किड्यांना तो चालत नाही हे खरं, पण तांब्याचा हा क्षार कागदाचंही नुकसान करतो. जतनाचं काम करणारे आज त्याच्या वाटेला जात नाहीत. ते खळ ताजी शिजवतात, पातळ थरात लावतात आणि पुस्तक कोरड्या, हवेशीर जागी ठेवण्यावर भर देतात.

लेटनच्या युक्तीने कापड स्वस्त आणि शहाणं झालं, पण त्याच्यावरचा माणसाचा हात सुटला. रंग कारखान्यात, दाणा रुळावर, नक्षी पितळी ठशावर. त्याआधी युरोपात कापडी बांधणी म्हटली की ती श्रीमंतांच्या घरची मखमल किंवा भरतकाम असे. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ११ वर्षांच्या मुलीच्या हातचं मानलं जातं. पुढे इंग्लंडची राणी झालेल्या एलिझाबेथने १५४४च्या शेवटी आपली सावत्र आई कॅथरीन पार हिला नव्या वर्षाची भेट म्हणून स्वतः भाषांतर केलेलं एक फ्रेंच धार्मिक काव्य दिलं. कव्हरवर निळ्या रेशमाची जमीन, त्यावर सोन्याचांदीच्या कसबी दोऱ्यांची गुंतलेली वेल, मध्ये आईच्या नावाची आद्याक्षरं आणि चार कोपऱ्यांत उठावदार फुलं. हे पुस्तक ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. अशा भरतकामाचा शत्रू म्हणजे शेजारचं पुस्तक. वर आलेला प्रत्येक टाका फडताळात घासला जातो, म्हणून त्या काळी भरतकामाच्या पुस्तकांना कधीकधी भरतकामाच्याच पिशव्या शिवत. पिशवीला जपायला आणखी एक पिशवी का शिवली नाही, असा प्रश्न पडतो खरा.

हाताची नक्षी, रोजचा वापर आणि शेकडो प्रती, हे तिन्ही एकत्र जमवायचं असेल तर काय करावं? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर जपानमधलं आहे आणि ते एका मासिकाच्या कव्हरवर सापडतं.

१९३१च्या जानेवारीत यानागी सोएत्सु यांनी ‘कोगेई’ नावाचं मासिक सुरू केलं. अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंमध्ये सौंदर्य असतं, असं सांगणाऱ्या ‘मिंगेई’ चळवळीचं हे मुखपत्र. अशा मासिकाला छापखान्याचं गुळगुळीत कव्हर घालणं म्हणजे स्वतःच्याच म्हणण्याला बाध आणणं. यानागींनी पहिल्या वर्षाच्या कव्हरांचं काम सेरिझावा केइसुके या तरुण रंगाऱ्याकडे सोपवलं. सेरिझावा १८९५मध्ये शिझुओका इथे कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मले, तोक्योत आरेखन शिकले आणि १९२७मध्ये कोरियाला जाताना बोटीवर यानागींचं लेखन वाचून त्यांच्या विचाराकडे ओढले गेले. पुढच्याच वर्षी तोक्योच्या उएनो बागेतल्या प्रदर्शनात त्यांनी ओकिनावाचं ‘बिंगाता’ कापड पाहिलं. कातरलेल्या कागदी साच्यातून खळ लावायची, मग रंग द्यायचा, अशी ही पद्धत. तिथून पुढचं आयुष्य त्यांनी याच पद्धतीला वाहिलं. ‘कोगेई’साठी त्यांनी महिन्यामागून महिने साच्यातून रंगवलेलं कापड पुरवलं. प्रती शेकड्यांत, आणि प्रत्येक कव्हर हाताखालून गेलेलं.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे खळ शत्रूऐवजी हत्यार होते. साचा असतो तुतीच्या कागदाचा. कागदाचे काही थर पर्सिमनच्या कच्च्या फळांच्या तुरट रसाने एकमेकांना चिकटवून धुरावतात. त्यामुळे तो पाण्यात भिजला तरी फाटत नाही. (पर्सिमन आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं. बंगालमध्ये मासेमारीची जाळी टिकावीत म्हणून त्याच कुळातल्या गाब फळाच्या रसात बुडवत. तुरट रस धाग्याला आणि कागदाला पाण्यापासून राखतो, हे शहाणपण दोन्हीकडे स्वतंत्रपणे आलेलं दिसतं.) या तपकिरी कागदात नक्षी कातरायची. कातरलेल्या तुकड्यांमधले सुटे भाग जागेवर राहावेत म्हणून साच्यावर रेशमी जाळी रोगणाने चिकटवायची. मग चिकट तांदळाचं पीठ आणि तांदळाचा बारीक कोंडा एकत्र मळून, शिजवून, त्यात थोडा चुना आणि मीठ घालून घोटलेली खळ साच्यातून कापडावर लाकडी पट्टीने ओढायची. साधा तांदूळ इथे चालत नाही, चिकटच हवा. त्याच्या स्टार्चमध्ये जवळजवळ सगळा भाग फांद्या फुटलेल्या रेणूंचा असतो, त्यामुळे खळ वाळली तरी लवचीक राहते आणि तडकत नाही. मिठाचं कामही तेच. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं. कोरड्या हवेत ते जास्त घालतात, दमट हवेत कमी. कोकणातल्या पावसाळ्यात कोणी हा प्रयोग करणार असेल तर त्याने मिठाचा हात फारच आखडता घ्यावा.

खळ वाळली की कापडावर सोयाबीनच्या दुधाचा हात फिरवतात आणि त्याच दुधात कालवलेला रंग ब्रशाने भरतात. सोयाबीनमधली प्रथिनं वाळून घट्ट होतात आणि रंगाचे कण धाग्याला धरून ठेवतात. काही आठवडे कापड तसंच मुरू द्यायचं, मग पाण्यात भिजत घालायचं. खळ फुगून निघून जाते आणि तिने राखलेली जागा पांढरी उमटते. रंग पसरत नाही, कडा चाकूने कापल्यासारख्या येतात आणि तरीही प्रत्येक प्रतीत रंगाची दाटी किंचित वेगळी असते. एकाच साच्याने शेकडो प्रती निघतात, आणि त्या छापील मात्र वाटत नाहीत.

साच्यातली नक्षी कातरून निघते, म्हणून ती आपोआप मोठी आणि ठाम होते. बारीकसारीक कलाकुसरीला वाव कमी. पुस्तकाच्या कव्हरला नेमकं हेच हवं असतं. हातभर अंतरावरून, फडताळातून ओढून काढतानाच ते ओळखू यायला हवं. सेरिझावांच्या कव्हरांवर अक्षरंही नक्षीचा भाग होऊन येतात, आणि ती वेगळी छापावी लागत नाहीत. १९५६मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. शिझुओकात त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे. आयुष्यभरात त्यांनी शेकडो पुस्तकांच्या बांधण्या आखल्या आणि १९८४मध्ये त्यांचं निधन झालं. माझ्या मते साच्याची नक्षी बांधणीला का शोभते, हे त्यांच्या ‘कोगेई’च्या कव्हरांइतकं स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जपानी पद्धतीचा दुसरा, कमी बोलला जाणारा भाग म्हणजे कापडाच्या पाठीला कागद लावणं. लेटनने छिद्रं बुजवली. जपानी बाइंडर त्यांच्या मागे कागदाची भिंत घालतो. घरी करायला हीच पद्धत सोपी. काचेवर किंवा सनमायकाच्या टेबलावर कापड उलटं पसरावं, पाण्याचा फवारा मारून मधून बाहेर हलक्या हाताने सपाट करावं. काचेखाली एक सरळ रेघ ओढलेला कागद ठेवला तर धागे तिरके झाले की लगेच कळतं. आता कापडापेक्षा सगळ्या बाजूंनी दोनतीन सेंटिमीटर मोठा पातळ, लांब तंतूंचा कागद घ्यावा. जपानी तुतीचा कागद उत्तम. नेपाळचा लोक्ता कागदही तितकाच गुणी आणि आपल्याकडे सहज मिळणारा. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा सुती चिंध्यांचा जाड कागद इथे नको, त्याची जागा आतल्या अस्तराला. कागदाला खळ लावायची, कापडाला नाही. खळ चांगली दाट शिजवून फडक्यातून गाळलेली हवी. पातळ खळ म्हणजे जास्त पाणी, आणि जास्त पाणी म्हणजे ती आरपार गेलीच समजा. खळ लावलेला कागद कापडाच्या पाठीवर ठेवून कोरड्या ब्रशाने मधून कडेकडे दाबत जावं. मग दोन्ही एकत्र उचलून, कापडाची बाजू आपल्याकडे ठेवून, कागदाच्या मोकळ्या कडा गुळगुळीत फळीवर चिकटवाव्यात. रात्रभर वाळताना कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. सकाळी कडा कापून घ्यायच्या. एवढं केलं की कोणतंही सुती कापड पुठ्ठ्यावर चढवण्याजोगं होतं आणि खणाच्या वहीवरचे डागही पडत नाहीत.

इथे रंगाची पहिली परीक्षा होते. पाठीला खळ लागली की कापड ओलं होतं आणि पक्का न झालेला रंग त्याच क्षणी फुटतो. आधीच एका कोपऱ्यावर ओला कापूस दाबून पाहावा. कापसावर रंग आला तर ते कापड शोभेला ठेवावं. यानंतर मात्र धुण्याचा प्रश्न संपतो, आणि कपडे रंगवणाऱ्याची सवय इथे मोडावी लागते. धुण्यात टिकणं हे ज्या रंगाचं मोठेपण, त्याला पुस्तकावर फारसं महत्त्व उरत नाही. इथे प्रश्न दोनच: उजेड आणि हात. फडताळात पुस्तकाचा फक्त कणा उजेडाकडे असतो, म्हणून काही वर्षांत कणा फिका आणि दोन्ही पुठ्ठे गडद, असं चित्र होतं. हळदीचा पिवळा या बाबतीत सर्वांत कच्चा. नीळ आणि मंजिष्ठेचा लाल बराच काळ तग धरतात. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगातून येणारा काळा दिसायला अप्रतिम, टिकायला पक्का, पण त्यातलं लोखंड सुताला हळूहळू जाळतं. संग्रहालयांतल्या जुन्या छापील आणि चितारलेल्या सुती कापडांवर लाल फुलं शाबूत आणि त्यांच्या काळ्या रेषांच्या जागी बारीक चिरा, असं दृश्य दिसतं ते याच कारणाने. कपडा तोवर फाटून गेलेला असतो, म्हणून रंगाऱ्याला याची फिकीर नसते. पुस्तक शंभर वर्षं टिकावं अशी अपेक्षा असेल तर हा काळा बारीक रेषेपुरता ठेवावा, जमीन म्हणून अजिबात नाही.

हाताचा प्रश्न म्हणजे घर्षण आणि घाम. इथे ठशांच्या छपाईत आज सर्रास वापरले जाणारे पिगमेंट रंग कामाला येतात. ते धाग्यात शिरत नाहीत, चिकट द्रव्याच्या साहाय्याने वर बसतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने पक्के होतात. अंगावर घातलं तर असं कापड थोडं ताठर लागतं. पुठ्ठ्यावर ताठरपणा हवाच असतो. नवशिक्याने शिसवी ठसे आणि पिगमेंट रंग यांनीच सुरुवात करावी, असं मी बेलाशक सांगेन.

बाकीच्या पद्धतींचं मूल्यमापनही याच कसोटीवर करता येतं. बाटिकमध्ये मेण पूर्ण निघालं नाही, तर तिथे खळ धरत नाही; वर्षभरात त्या जागी फुगा येतो. वर्तमानपत्रात ठेवून इस्त्री केल्याने वरवरचं मेण जातं, आतलं राहतं, म्हणून कापड उकळून काढण्याला पर्याय नाही. बांधणीच्या कापडाची, म्हणजे गाठी मारून रंगवलेल्या कापडाची, सगळी गंमत त्या उभ्या राहिलेल्या चुण्यांत. ते पुठ्ठ्यावर सपाट केलं की उरतात फक्त ठिपके. मला तरी त्यात कापडावर अन्याय झाल्यासारखा वाटतो. भरतकामात आरसे, मोती, जाड साखळी टाके यांना फडताळात जागा नाही. धारवाडकडची कसुती मात्र जणू याचसाठी घडली आहे: गाठ नाही आणि तिच्या गवंती, मुर्गी या प्रकारांत दोन्ही बाजू सारख्या. पाठीमागे मोकळे दोरे नसल्यामुळे कागद सपाट बसतो. इरकलीच्या पदरावरचं हे भरतकाम पुस्तकांवर इतकं कमी का दिसतं, हे कोडंच आहे. बंगालची कांथा धावदोऱ्याची, म्हणून तीही सपाट आणि सोयीची.

आता आखणी. कापड सजवताना बहुतेक जण समोरचं पान डोळ्यांसमोर ठेवतात. प्रत्यक्षात मागचा पुठ्ठा, खाच, कणा, पुन्हा खाच आणि पुढचा पुठ्ठा असा तो एकच सलग तुकडा असतो. डेमी आकाराचं, दोन सेंटिमीटर जाडीचं पुस्तक धरलं तर १४ सेंटिमीटरचे दोन पुठ्ठे, दोन सेंटिमीटरचा कणा, पाऊण सेंटिमीटरच्या दोन खाचा आणि आत दुमडायला दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर, म्हणजे रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर होते. उंची २६. उभे धागे कण्याला समांतर ठेवले तर ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात नऊ कव्हरं बसतात, अगदी कडेला चिकटून. खाचेत नक्षीचा जड भाग येऊ देऊ नये. तिथे कापड हजारो वेळा वळतं. रंगाचा जाड थर तडकतो आणि टाके झिजतात. कोपऱ्यांच्या दुमडीतही तसंच, तिथे कापड दुहेरी तिहेरी होतं. म्हणून छपाईच्या आधीच कच्च्या दोऱ्याचे टाके घालून पुठ्ठे, कणा आणि खाचा यांच्या रेघा कापडावर मांडून घ्याव्यात आणि छापून झाल्यावर ते टाके उसवावेत. खडूची रेघ पुसते, पेन्सिलीची राहते, दोऱ्याची नेमकी हवी तेवढी टिकते.

आपल्या देशात हातच्या कापडातली बांधणी सातत्याने आणि मोठ्या संख्येने कुठे झाली असेल तर कोलकात्यात. पुरुषोत्तम लाल यांनी १९५८मध्ये सुरू केलेल्या ‘रायटर्स वर्कशॉप’ची इंग्रजी पुस्तकं हातमागाच्या साड्यांच्या कापडात बांधलेली असत. कुठे काठ, कुठे पट्टे, कुठे सलग विणीची बुट्टी. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या कापडांत निघू शकत. निसीम इझिकेल या मुंबईच्या कवीचा ‘द अनफिनिश्ड मॅन’ १९६०मध्ये इथूनच आला आणि विक्रम सेठ यांचा पहिला संग्रहही. बांधणी करणाऱ्या तुलामिया मोहिउद्दीन यांचं नाव पुस्तकातच छापलेलं असे. प्रकाशकाने बाइंडरला इतका मान दिल्याचं उदाहरण आपल्याकडे विरळाच. इथे सजावट मागावरच झालेली होती. बाइंडरच्या हातात उरलं ते कापड कुठे कापायचं, काठ कण्यावर आणायचा की कडेला, एवढंच ठरवणं. पण साडीच्या काठाने पुस्तकाचं रूप किती बदलतं, हे त्या प्रती शेजारीशेजारी ठेवल्या की कळतं.

या पुस्तकांवर नाव सोनेरी अक्षरांत असे, लाल यांच्या स्वतःच्या सुलेखनात. नक्षीदार कापडावर नाव कुठे आणि कसं घालायचं, हा प्रश्न शेवटी येतो आणि बहुतेक जण तो शेवटीच सोडवायला बसतात. छिद्रं न बुजवलेल्या कापडावर सोनेरी ठसा फक्त धाग्यांच्या उंचवट्यांवर उमटतो, मधल्या खळग्यांत नाही. बारीक अक्षर त्यामुळे तुटक दिसतं. म्हणून ठसा उमटवायचा तर अक्षर मोठं आणि ठळक हवं. नाहीतर पिकरिंगच्या सुरुवातीच्या कापडी पुस्तकांवर होती तशी कागदी चिठ्ठी कण्यावर लावावी. त्यात कमीपणा काही नाही. मात्र चिठ्ठीसाठी पुठ्ठ्यावर आधीच अर्धा मिलिमीटर खोल चौकट सोलून ठेवली, तरच तिच्या कडा शेजारच्या पुस्तकाला घासून निघत नाहीत. ही चौकट कापड चढवण्यापूर्वी करावी लागते, म्हणून नक्षी आखतानाच तेवढी जागा साधी, बिनठशाची सोडलेली असावी.